भजी तेल का पितात? सफरचंदाच्या गोड भज्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या तळणाबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, की लातूरच्या माझ्या मेसमध्ये लेकरं कांदाभज्यांपेक्षा सफरचंदाच्या गोड भज्यांवर जास्त तुटून पडतात. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर त्यालाच देते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: तुमचं वाचून मी सफरचंदाच्या गोल चकत्या मैद्याच्या पिठात बुडवून तळल्या. पीठ एकीकडे, चकती एकीकडे. ज्या धड राहिल्या त्या तेलानं चिंब. कांद्याची, बटाट्याची भजी माझी उत्तम होतात. मग इथं काय बिनसलं? प्रमाणही सांगा.
— एक गृहिणी, उदगीर

उत्तर: ताई, तुमचा हात चांगलाच आहे, फळाचा स्वभाव वेगळा आहे. बटाट्याच्या अंगात पिष्ट असतं, ते भिजवलेल्या पिठाला धरून ठेवतं. सफरचंदात शंभरातले जवळजवळ पंच्याऐंशी भाग पाणी. चकती कापली की तिच्यावर लगेच ओल येते. त्या ओलीवर पीठ बसल्यासारखं दिसतं, पण धरत नाही. तेलात गेल्यावर त्या ओलीची वाफ होते आणि ती पिठाला आतून ढकलून सोडवते. तुमचं पीठ सुटलं ते यामुळे.

मी काय करते ते सांगते. माझ्या स्वयंपाकघरात एक जुना, मऊ झालेला पंचा फक्त याच कामाला ठेवलेला आहे. सफरचंद सोलायचं, आडव्या चकत्या करायच्या आणि प्रत्येक चकतीतला बियांचा भाग सुरीच्या टोकानं गोल काढून टाकायचा. चकतीची जाडी करंगळीच्या निम्मी. त्याहून पातळ केली तर तेलात मोडते, जाड केली तर वरून तांबूस दिसते आणि आत कच्ची राहते. चकत्या पंच्यावर एका थरात मांडायच्या, पंच्याचं दुसरं टोक वरून घालायचं आणि तळहातानं हलकेच दाबायचं. कापड उचललं की त्यावर चकत्यांचे ओले गोल उमटलेले दिसतात. ते सगळं पाणी तुमच्या कढईत जाणार होतं. मग ताटलीत दोन-तीन चमचे कोरडा मैदा घेऊन चकती दोन्ही बाजूंनी त्यात टेकवायची आणि झटकायची. बोट फिरवलं तर ती खडूसारखी कोरडी लागली पाहिजे. आता ती पिठात बुडवा. कोरडा मैदा फळाला धरतो आणि ओलं पीठ त्या मैद्याला धरतं.

फळ काळं पडेल म्हणून बऱ्याच जणी चकत्या लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि तिथून उचलून थेट पिठात घालतात. तसं करू नका. लिंबू लावायचंच असेल तर चमचाभर रस बोटानं फासा आणि मग टिपून घ्या. पंधरा-वीस मिनिटांत तळून होणार असेल तर लिंबाचीही गरज नाही, कवचाखाली रंग कोण बघतं? चकत्यांवर आधी साखर तर भुरभुरूच नका. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते आणि तुम्ही टिपून घेतलेलं सगळं वाया जातं.

चार माणसांना मध्यम आकाराची तीन सफरचंदं, म्हणजे साधारण अर्धा किलो. एक वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचं पीठ, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक छोटा चमचा साखर, थोडी दालचिनीची पूड. पिठात साखर याहून जास्त घालू नका, ती आधी जळते आणि भजी शिजायच्या आत काळपट दिसायला लागतात. एक चमचा दही आणि पाऊण ते एक वाटी थंड पाणी घालून सरसरीत भिजवा. चमचा बुडवून उलटा धरला तर त्याच्या पाठीवर पीठ टिकलं पाहिजे आणि मधून बोट ओढलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे. रेघ लगेच मिटली तर चमचाभर मैदा आणखी घाला.

पाणी थंडच घ्या आणि पीठ फेटत बसू नका. मैदा ओला करून घोटत राहिलं की त्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला धरून ठेवणारं प्रथिन, चिवट होतं आणि कवच वातड येतं. कोमट पाण्यानं हे आणखी लवकर होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच कोमट असतं, तेव्हा माठातलं किंवा फ्रीजमधलं वापरा. एखाद-दुसरी बारीक गुठळी राहिली तर राहू द्या.

तेल १७५ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा. थेंब तळाशी जाऊन लगेच वर आला तर तेल तयार आहे. तळाशीच बसून राहिला तर थांबा. पडता क्षणी लाल झाला तर गॅस कमी करा. एका घाण्यात चार-पाच चकत्याच सोडा. जास्त सोडल्या की तेल निवतं. पहिली बाजू दीड-दोन मिनिटं, मग उलटून तेवढंच.

आता तेल पिण्याचं. भजी कढईत असतानाच तेल शोषतात असं बहुतेकांना वाटतं. तेल नीट तापलेलं असेल तर कढईत उलटंच चाललेलं असतं. फळातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ जोरानं बाहेर पडत असते, भज्याभोवती दिसणारे बुडबुडे म्हणजे तीच वाफ. ती बाहेर येत असेपर्यंत तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. भजं बाहेर काढलं आणि निवायला लागलं, की आतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, तिथं पोकळी पडते आणि अंगाला चिकटलेलं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. म्हणजे तेल पिण्याची खरी वेळ कढईबाहेरचं पहिलं मिनिट. त्या मिनिटात अंगावरचं तेल जेवढं निथळेल तेवढं निथळू द्यायचं. झारा कढईच्या काठाला टेकवून दोनदा झटका, मग भजी जाळीवर सुटी सुटी ठेवा. जाळी नसेल तर मोठी चाळणी परातीवर ठेवा. पेपरावर रास घालू नका. खालच्या भज्यांची वाफ वरच्यांना लागते, खालची तेलात बसतात आणि सगळीच मऊ पडतात. छापील वर्तमानपत्र तर खाण्याला लावूच नये, शाई उतरते.

प्रश्न: कुठलं सफरचंद घ्यायचं? आमच्या बाजारात लाल भडक मिळतात, पण कापल्यावर पिठूळ निघतात. ती वापरता येतील का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर: दादा, मी हा पदार्थ पिठूळ सफरचंदांसाठीच धरला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रविवारी मेसमध्ये पालक लेकरांना भेटायला येतात. कुणी अहमदपूरहून, कुणी गंगाखेडहून, कुणी थेट किनवटहून. पिशवीत चिवडा, शेंगदाण्याचे लाडू आणि किलो-दोन किलो सफरचंदं हमखास असतात. चिवडा सोमवार उजाडायच्या आत संपतो. सफरचंदं खाटेखाली पिशवीतच राहतात. सकाळी शिकवणी, दुपारी कॉलेज, रात्री अभ्यासिका, त्यात फळ धुऊन कापून खायला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना सवड कुठली? गुरुवार-शुक्रवारपर्यंत ती मऊ पडतात. ज्या बापानं सोयाबीनच्या पैशातून ती आणली, त्याचं फळ उकिरड्यावर गेलेलं मला बघवत नाही. म्हणून मी पोरांना सांगून ठेवलंय, मऊ पडलं की माझ्याकडे आणून द्या.

पिठूळ होतं म्हणजे काय, तर फळातल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं. ताजं सफरचंद चावलं की पेशी फुटतात आणि रस सुटतो. पिठूळ सफरचंदात पेशी न फुटता नुसत्या सुट्या होतात, म्हणून ते कोरडं, भुसभुशीत लागतं. त्यात रस असतो, फक्त तो जिभेला मिळत नाही. अशा फळाच्या चकत्या करू नका, हातातच तुटतात. त्याच्या हरभऱ्याएवढ्या फोडी करा आणि गुलगुल्यांसारख्या घट्ट पिठात घालून चमच्यानं तेलात सोडा. तळल्यावर मऊपणा हा दोष राहत नाही.

चकत्यांसाठी मात्र कडक फळच हवं. हिमाचलचं रॉयल ऑगस्टच्या सुमारास आपल्याकडे यायला लागतं, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून काश्मीरचं. त्या दिवसांतलं फळ चकत्यांना चांगलं. पिवळसर गोल्डन मिळालं तर ते आधी घ्या, तळताना आकार सोडत नाही. परदेशातून येणारं हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबट आणि कडक असतं. वरून पिठीसाखर घालायची असेल तर माझ्या मते त्याला तोड नाही. फक्त महाग पडतं. होळीनंतर येणारी देशी सफरचंदं बहुतेक शीतगृहातली असतात. दिसायला छान, पण बाहेर आपल्या उन्हाळ्यात आली की झपाट्यानं पिठूळ होतात. लाल रंगावर जाऊ नका, हातात घेऊन बघा. आकाराच्या मानानं जड लागलं आणि अंगठ्यानं दाबून दबलं नाही तर घ्या.

घरी आणल्यावर पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, पण कोथिंबीर-पालकापासून लांब. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो, त्यानं पालेभाजी पिवळी पडते.

प्रश्न: मैदा आमच्या घरात येत नाही. ज्वारीच्या पिठाची होतील का? अंडंही नको.
— बीडहून एक आजी

उत्तर: आजी, अंडं मुळातच लागत नाही. परदेशात घालतात, आपल्याला दही पुरतं.

ज्वारीचं होतं, आणि छान होतं, पण निव्वळ ज्वारीचं करू नका. ज्वारीत ग्लुटेन नसतं. त्यामुळे कवच कुरकुरीत होतं खरं, पण त्याला धरून ठेवणारं काही नसतं, उलटताना तडकून पडतं. भाकरीला आपण उकळतं पाणी घालून पीठ चिकट करून घेतो, भज्यांच्या पातळ पिठात ते जमत नाही. म्हणून निम्मं ज्वारीचं आणि निम्मं गव्हाचं पीठ घ्या. गव्हाचं वस्त्रगाळ केलं तर कवच हलकं येतं. शाळूचं, मालदांडीचं पीठ असेल तर चव गोडसर येते. पीठ ताजंच दळलेलं हवं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवट लागतं आणि गोड पदार्थात तो कडूपणा लगेच कळतो.

तुमच्यासाठी मी दुसरा प्रकार आधी सुचवेन, तो तुमच्या हातातलाच आहे. आखाड तळायला आपण गुलगुले करतोच. त्याच पिठात सफरचंद घाला. पाऊण वाटी गूळ पाऊण वाटी गरम पाण्यात विरघळवा, गाळून पूर्ण निवू द्या. दोन वाट्या गव्हाचं पीठ, चमचाभर बडीशेप भरड कुटून, वेलदोडा, मीठ आणि सोडा अगदी चिमूटभर. गुळाच्या पाण्यात पीठ कालवून अर्धा तास झाकून ठेवा. तळायच्या वेळी दोन सफरचंदांच्या बारीक फोडी घाला. फळ किसून घालू नका. किसाचं पाणी सुटून पीठ पातळ होतं आणि फळाचा दाणा तोंडात येत नाही. गूळ लवकर रंगतो, म्हणून आच मध्यम ठेवा. सोडा जास्त झाला तर गुलगुले फुगतात, पण तेल पितात आणि साबणासारखी चव येते.

माझ्या घरातल्या मोठ्या माणसांना चकत्यांपेक्षा हेच आवडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. गूळ, बडीशेप आणि सफरचंद एकमेकांना फार शोभतात.

प्रश्न: एकादशीला चालतील का?
— हिंगोली

उत्तर: तुमच्या घरी सफरचंद उपवासाला चालत असेल तर चालतील. शिंगाड्याचं आणि राजगिऱ्याचं पीठ निम्मं निम्मं, सैंधव, दही. बेकिंग पावडर वगळा, तिच्यात बहुतेक वेळा मक्याचा स्टार्च असतो. कवच गडद रंगाचं होतं, ते जळलं असं समजू नका.

भगरीचं तयार पीठ मात्र वापरू नका. ओलसर हवेत भगरीच्या पिठाला बुरशी लवकर धरते आणि ऐन उपवासाच्या दिवसांत आपल्याच जिल्ह्यांतून विषबाधेच्या बातम्या येतात. भगरच हवी असेल तर ती निवडून, स्वच्छ धुऊन, कडक वाळवून घरी मिक्सरला काढा आणि त्याच दिवशी संपवा.

प्रश्न: भावाकडे अमेरिकेत गेलो होतो, तिथं ‘ॲपल फ्रिटर’ म्हणजे सफरचंदाची भजी या नावाखाली तळहाताएवढा वेडावाकडा, वरून साखर ओतलेला प्रकार मिळाला. चकत्या कुठेच नव्हत्या. मग खरा पदार्थ कोणता, आणि तो आला कुठून?
— एक निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: सर, दोन्ही खरे. युरोपातला प्रकार चकत्यांचा. जर्मनीच्या श्वाबेन भागात सोललेल्या सफरचंदाच्या मधोमध भोक असलेल्या चकत्या पिठात बुडवून तळतात आणि वर दालचिनी-साखर घालतात. नेदरलँड्समध्ये हीच भजी ३१ डिसेंबरच्या रात्री घरोघरी खातात. पदार्थ जुना आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या स्वयंपाक्यांनी १३९० च्या सुमारास लिहून ठेवलेल्या पाककृतींत सफरचंदं आणि कंदमुळं आधी अर्धवट उकडून, मैदा, अंडी, बिअरसारखं पेय आणि केशर यांच्या पिठात बुडवून तळायला सांगितली आहेत. वरून बदामाचं दूध. केशर आणि बदाम घातलेलं तळण आपल्या हलवायालाही परकं वाटणार नाही.

तुम्ही खाल्लात तो अमेरिकेतला डोनटच्या जातीचा प्रकार. त्यात पीठ यीस्टनं फुगवतात आणि सफरचंदाच्या फोडी कणकेत मिसळतात. घरी करायचा असेल तर एक गोष्ट कटाक्षानं करा. फोडी आधी चमचाभर तुपावर थोडी साखर आणि दालचिनी घालून परता, सुटलेलं पाणी पूर्ण आटवा आणि गार करा. कच्च्या फोडी घातल्या तर त्यांच्या पाण्यानं कणीक सैल पडते आणि मधोमध कच्ची राहते. दोन वाट्या मैदा, एक छोटा चमचा कोरडं यीस्ट, दोन चमचे साखर, दोन चमचे लोणी, मीठ आणि कोमट दूध घालून मऊ कणीक मळा. दुप्पट फुगू द्या. आपल्या उन्हाळ्यात पाऊण तासात फुगते, डिसेंबरात दीड-दोन तास धरा. मग फोडी पसरून कणकेची गुंडाळी करा, सुरीनं आडवे-उभे तुकडे करा आणि ते हातानं जवळ दाबून ओबडधोबड वड्या थापा. तो वेडावाकडा आकार असाच येतो. वीस मिनिटं ठेवून, चकत्यांपेक्षा थोड्या कमी तापलेल्या तेलात सावकाश तळा. पिठीसाखरेत चमचा-दोन चमचे दूध कालवून गरम असतानाच वरून ओता. सुट्टीच्या दिवसाचं काम आहे, पण नातवंडांना बरोबर घेऊन करा, फोडी पसरायचं काम त्यांना द्या.

प्रश्न: आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या करडईचं तेल. त्यात तळू का? उरलेल्या तेलाचं काय करावं?
— परभणी

उत्तर: करडईवर माझाही जीव आहे. फोडणीला, चटणीवर, येसराच्या आमटीवर कच्चं घ्यायला तिच्यासारखं तेल नाही. परभणीच्याच कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, तरी सोयाबीन आलं आणि काट्यांच्या काढणीला माणसं मिळेनात, म्हणून शिवारातली करडई कमी होत गेली याचं वाईट वाटतं. पण तळणीसाठी मी ती वापरत नाही. तिच्या तेलात लिनोलेइक आम्लाचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर असतं. अशी तेलं वारंवार तापवली की लवकर बिघडतात, चिकट होतात. कढईच्या काठाला जो न निघणारा पिवळा चिकटा धरतो तो हाच. शेंगदाण्याचं तेल उष्णतेला जास्त टिकतं, तळायला ते घ्या. एकदाच तळून ते तेल लगेच फोडणीत संपवणार असाल तर करडईही चालेल.

तळून झाल्यावर तेल निवलं की कापडातून गाळा. गोड भज्यांच्या तेलात पिठाचे कण उरतात, ते पुढच्या वेळी जळतात आणि तेलाला कडवट करतात. गाळलेलं तेल दोन-चार दिवसांत पोळ्या-पराठ्यांना, भाजीला वापरून टाका. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तापून तापून बिघडलेला भाग, २५ टक्क्यांच्या वर गेला की ते तेल वापरता येत नाही. घरी हे मोजता येत नाही, पण डोळ्यांना दिसतं. तेल काळपट, दाट झालं, तळताना फेस राहायला लागला, नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला, की ते संपलं. त्यात ताजं तेल मिसळून वाढवत बसू नका.

प्रश्न: यांना शुगर आहे, पण फार आवड. काही मार्ग?
— जालना

उत्तर: ताई, मैद्याचं तळण आणि वर साखर, हे त्यांच्यासाठी रोजचं खाणं होऊ शकत नाही. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून ते पथ्याचं होत नाही. सणावाराला एखादं खावं की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

रोजच्या इच्छेसाठी सालीसकट जाड चकत्या तव्यावर अर्धा चमचा तुपात दोन्ही बाजूंनी तांबूस करा आणि वर दालचिनी घाला. साखर अजिबात नको, तव्यावर फळाची स्वतःची गोडी वर येते. साल ठेवणार असाल तर कोमट पाण्यात चोळून धुवा, बाजारातल्या फळावर चकाकीसाठी मेण लावलेलं असतं.

तुम्हाला स्वतःला कमी तेलातलं हवं असेल तर आप्पेपात्र काढा. डेन्मार्कमध्ये नाताळात थेट तशाच खळग्यांच्या बिडाच्या तव्यावर गोल धिरडी करतात. पूर्वी त्यांच्या पोटात सफरचंदाचा तुकडा असायचा, ‘एबलस्किवर’ या नावात अजून सफरचंद आहे. वरचंच गुलगुल्याचं पीठ थोडं सैल करून खळग्यात निम्मं घाला, मधे एक फोड ठेवा, वर आणखी थोडं पीठ घाला, कडेनं तूप सोडा. झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्या, मग सुईनं उलटा.

प्रश्न: मुलाच्या वाढदिवसाला चाळीस माणसं आहेत. सकाळी करून ठेवली तर संध्याकाळी चालतील का?
— अंबाजोगाई

उत्तर: चकत्यांची नाही चालणार. सफरचंदातलं पाणी तळल्यावरही संपत नाही, ते हळूहळू कवचात उतरतं आणि अर्ध्या तासात भजी लिबलिबीत होतात. ओव्हनमध्ये गरम केली तरी पहिल्यासारखी होत नाहीत. माझ्या मेसमध्ये ती कढईतून जाळीवर आणि जाळीवरून थेट ताटात जातात, लेकरं ओळीनं उभी असतात.

चाळीस माणसांना गुलगुल्यांचा प्रकार करा. ते दोन-तीन तास चांगले राहतात. चकत्याच हव्या असतील तर तळायला एक माणूस शेवटपर्यंत कढईजवळ हवा. माणशी दोन धरल्या तर ऐंशी चकत्या होतात. एका मध्यम सफरचंदाच्या पाच-सहा चांगल्या निघतात, म्हणजे टाकाऊ धरून तीन किलो सफरचंदं आणा. कोरडी पिठं सकाळीच एकत्र चाळून डब्यात ठेवा. पाणी-दही मात्र तळायच्या आधी आणि एका वेळी दोन-तीन घाण्यांपुरतंच घाला. चकत्याही तशाच थोड्या थोड्या कापा. दोन कढया ठेवल्या तर तेल निवायला लागल्यावर अदलाबदल करता येते. पिठीसाखर आणि दालचिनी चाळणीतून ताट पुढे करतानाच भुरभुरा. गरम भज्यांवर आधी घातली तर ती विरघळते आणि कवच मऊ पडतं.